मुंबईला निघण्याआधी : सांगली-साताऱ्याच्या नव्या नटनट्यांसाठी

शनिवार-रविवारी सांगलीत आमची तालीम असते. तिथं नवीन आलेला मुलगा असो की मुलगी, महिनाभरात एक प्रश्न येतोच : "सर, मुंबईला कधी जाऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. जे इथं फुकटात शिकता येतं, ते मुंबईत खोलीचं भाडं भरत शिकू नका. इथलं शिकून झालं की खुशाल जा.

मी मुंबईत नऊ वर्षं काढली. मालिकांमध्ये हवालदार, पोस्टमन, नायिकेचा मामा, वकिलाचा कारकून अशी कामं केली. त्यातली पहिली दोन वर्षं उच्चार सुधारण्यात, कॅमेऱ्यापुढची भीती घालवण्यात आणि शूटिंगचे रिवाज समजून घेण्यात गेली. हे तिन्ही इथं राहून झालं असतं. तुमची ती दोन वर्षं वाचावीत म्हणून हे सगळं क्रमानं लिहितो आहे.

आधी इथलं काम

कॉलेजात असाल तर शिवाजी विद्यापीठाचा युवा महोत्सव सोडू नका. एकांकिका, लघुनाटिका, मूकनाट्य, नकला, जे मिळेल त्यात उतरा. मूकनाट्याला पोरं नाक मुरडतात, पण शब्द काढून घेतले की अंगात काय उरतं ते तिथंच कळतं. कॉलेज संपलं असेल तर राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्था शोधा. सांगली, मिरज, सातारा, कराड सगळीकडं अशी मंडळी आहेत. दिवसा बँकेत नाहीतर शाळेत नोकरी करतात आणि रात्री नऊनंतर तालमीला जमतात.

संस्थेत गेल्या गेल्या भूमिका मागू नका, काम मागा. नेपथ्य उचला, लाइटवाल्याच्या हाताखाली उभे राहा, प्रॉम्प्टिंग करा, म्हणजे विंगेतून नटांना विसरलेली वाक्यं सांगा. प्रॉम्प्टरला सगळ्यांची वाक्यं पाठ होतात, कोण कुठं अडखळतं ते कळतं, आणि ऐन वेळी कुणी आजारी पडलं तर तोंडाला रंग लावून त्यालाच उभं करतात. माझी पहिली मोठी भूमिका अशीच आली. प्रयोगाला चार दिवस असताना आमच्या नटाला टायफॉइड झाला होता.

मुंबईला जायला नेमकं किती काम हवं, असं विचारलंत तर माझा हिशेब असा : किमान दोन पूर्ण लांबीची नाटकं, चार-पाच एकांकिका, आणि त्यातली निदान एक भूमिका तुमच्या वयाची आणि स्वभावाची नसलेली. प्रत्येक प्रयोगाचं प्रमाणपत्र, छापील पत्रिका, वर्तमानपत्रातलं कात्रण आणि फोटो एका फाइलमध्ये ठेवा. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाला अर्ज करताना पदवीबरोबर रंगभूमीवरच्या प्रत्यक्ष कामाचा दाखला लागतो, तेव्हा ही फाइल उपयोगी येते. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनयाचा अभ्यासक्रम आहे, मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे. घरची परिस्थिती आणि वय बसत असेल तर या चारपैकी एखाद्या ठिकाणी तरी प्रयत्न करून बघा. तिथली वर्षं वाया जात नाहीत. प्रवेश मिळाला नाही तरी त्या परीक्षेसाठी बसवलेली दोन स्वगतं पुढं ऑडिशनला चालतात.

आपल्या गावाचा इतिहास इथं सांगावासा वाटतो, कारण तो थेट या प्रश्नाशी जोडलेला आहे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं. पाठीशी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांचा आश्रय होता. १८५१ मध्ये चिंतामणराव वारले, आश्रय संपला आणि मंडळींना दौऱ्यावर निघावं लागलं. मुंबईत ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून त्यांनी खेळ केले ते १८५३ मध्ये. मधे दहा वर्षं गेली. मुंबईत पोचले तेव्हा त्यांच्या हातात तयार आख्यानं होती आणि एकमेकांच्या सवयी माहीत असलेली माणसं होती. भावे नाट्यमंदिराच्या पायऱ्यांवर बसून चहा पिताना मला ही दहा वर्षं नेहमी आठवतात.

कॅमेरा तुमच्या दारात आला आहे

वाई, मेणवली आणि साताऱ्याच्या आसपासच्या गावांत वर्षभर शूटिंग चालू असतं. मेणवलीचा घाट आणि नाना फडणवीसांचा वाडा तर देशभरातल्या प्रेक्षकांनी पडद्यावर पाहिला आहे. गर्दीत उभं राहायला स्थानिक माणसं लागतात आणि ती गोळा करणारा एखादा कोऑर्डिनेटर त्याच तालुक्यात असतो. त्याला गाठा. दिवसाचे किती मिळणार, जेवण आणि गाडीभाडं कोण देणार, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या.

तिथं पैशासाठी जाऊ नका, बघायला जा. कॉल टाइम सहाचा म्हणजे सहाला मेकअपच्या खुर्चीत. मास्टर शॉटला, म्हणजे सगळा प्रसंग एकत्र घेताना, डाव्या हातात कप धरला असेल तर क्लोजला, म्हणजे चेहरा जवळून घेतानाही, डाव्याच हातात हवा, त्याला कंटिन्युइटी म्हणतात. जमिनीवरच्या टेपच्या खुणेवर खाली न बघता येऊन थांबणं, म्हणजे मार्क पकडणं, ही एक वेगळी कला आहे. घरी फरशीवर खडूनं खुणा करून तिचा सराव होतो. स्पॉटदादा, लाइटवाले, एडी म्हणजे सहायक दिग्दर्शक, कोण काय करतो ते दोन दिवसांत कळतं. सगळ्यात मोठा धडा थांबण्याचा. बारा तासांच्या शिफ्टमध्ये तुमचं काम दहा मिनिटांचं असेल आणि ते अकराव्या तासाला येईल. त्या वेळी चेहरा ताजा हवा. हे सोसत नसेल तर वाईच्या घाटावरच कळलेलं बरं.

असं चार-पाच वेळा करा आणि मग थांबा. गर्दीतून कुणी हेरून भूमिका दिली असं क्वचित होतं. उलट, जूनियर आर्टिस्ट म्हणून ओळख पक्की झाली की त्याच युनिटमध्ये संवादाची भूमिका मागणं अवघड जातं.

जीभ

याबद्दल जास्त लिहितो, कारण आपल्या भागातली मुलं सगळ्यात जास्त इथं अडतात. "पानी", "आनि", "कोन". घरात, शेतात, एसटीत हे असंच बोलायचं आणि त्यात काही कमीपणा नाही. पण शहरी डॉक्टरची भूमिका वाचायला दिली आणि "ण" निसटला, तर पुढचा अभिनय कुणी ऐकत नाही.

रोज वीस मिनिटं वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्यानं वाचा. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना जिथं घसरलात तिथं पेन्सिलनं खूण करा. मी कृष्णेच्या घाटावर पहाटे वाचायचो. नदीच्या मोकळ्या हवेत आवाज फेकावा लागतो, त्यामुळं श्वासाचाही व्यायाम होतो. साताऱ्यातल्यांनी अजिंक्यतारा चढून वर पोचल्यावर लगेच एक परिच्छेद म्हणून बघावा. धाप लागलेली असताना वाक्य न तुटता पूर्ण करता आलं, तर रंगमंचावर धावत येऊन संवाद म्हणता येईल.

हिंदीसाठी वेगळी मेहनत घ्यावी लागते. मराठीतला "चोर" आणि हिंदीतला "चोर" लिहायला सारखे, पण "च" निराळा. तसंच "जग"चं. आपण मराठी "च" आणि "ज" तसेच्या तसे हिंदीत नेतो आणि पहिल्याच वाक्याला समोरचा ओळखतो की हा मराठी. हिंदीत काम करायचंच असेल तर हिंदी नाटकाची संहिता घेऊन सहा महिने मोठ्यानं वाचा.

आणि हे सगळं करताना आपली बोली मात्र घालवू नका. मुंबईला गेलेली आपली कितीतरी मुलं दोन वर्षांत गुळगुळीत मराठी बोलू लागतात. मग गावाकडची मालिका येते आणि त्यांच्या तोंडी बोली उसनी वाटते. बोलीचा कान तयार करा. मिरज-कोल्हापूरकडं "काय करालायस", कराड-पाटणकडं "काय करतुयास". माणदेशी म्हातारीचा हेल वेगळा, कृष्णाकाठच्या बागायतदाराचा वेगळा. आजी-आजोबांना बोलतं करून रेकॉर्ड करून ठेवा. ग्रामीण मालिकेच्या ऑडिशनला शहरात वाढलेल्या पन्नास जणांत तुम्ही उभे असाल, तेव्हा हे भांडवल फक्त तुमच्याकडं असेल.

फोटो आणि सेल्फ टेस्ट

भारी पोर्टफोलिओची सुरुवातीला गरज नाही. पाच फोटो पुरतात : चेहरा जवळून, कमरेपर्यंत, पूर्ण उभा, हसताना आणि एक पारंपरिक वेशात. दिवसाच्या उजेडात, फिल्टर न लावता. दारात उभे राहाल तेव्हा फोटोतलेच दिसला पाहिजेत.

सेल्फ टेस्ट म्हणजे घरी मोबाइलवर करून पाठवायची ऑडिशन. मोबाइल आडवा धरा, पाठीमागं साधी भिंत, तोंड खिडकीकडं. पंखा बंद करा, नाहीतर आवाजात घरघर येते. आधी ओळख : नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण, येणाऱ्या भाषा. मग डावी-उजवी बाजू आणि दोन्ही हात दाखवा. नंतर प्रसंग. समोरच्या पात्राची वाक्यं म्हणायला कुणाला तरी कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी उभं करा, म्हणजे तुमची नजर भिंगाच्या जवळ राहील. आपण स्टेजवरची माणसं इथं हमखास ओरडतो. शेवटच्या रांगेला ऐकू जायचा आवाज हातभर अंतरावरच्या माइकला नको असतो. आठवड्याला एक अशी टेस्ट करा, कुणी मागितली नसली तरी. सहा महिन्यांनी पहिली आणि शेवटची शेजारी ठेवून बघा.

राहणं आणि पैसा

डिपॉझिट सोडून सहा महिन्यांचा खर्च हातात असल्याशिवाय निघू नका. मुंबईत भाड्याचा करार साधारण अकरा महिन्यांचा असतो. डिपॉझिट आगाऊ द्यावं लागतं आणि दलाल मध्ये असेल तर तोही बहुधा महिन्याभराचं भाडं घेतो. तिघा-चौघांत खोली घ्या. गोरेगाव, मालाड, कांदिवली, दहिसर, मीरा रोड या भागांत आपल्यासारखी बरीच मंडळी राहतात. दहिसरहून मेट्रो थेट अंधेरी पश्चिमेला येते, त्यामुळं लांब राहिलात तरी चालतं.

पहिले पंधरा दिवस नातेवाइकांकडं काढता आले तर बघा. साताऱ्याकडच्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी माथाडीत आहे आणि कोपरखैरणे-घणसोलीला राहतं. तिथून अंधेरीला यायचं तर ठाण्याची लोकल, ठाण्याहून घाटकोपर आणि घाटकोपरहून वर्सोव्याची मेट्रो. रोजचं जमण्यासारखं नाही, पण खोली शोधेपर्यंत ठीक. जाताना ज्वारी-तांदूळ घेऊन जा, दुधाचे पैसे स्वतःहून द्या आणि रात्री अकराला त्यांच्या दहा बाय बारात संवाद घोकू नका. मी हे केलं होतं. मामी काही बोलल्या नाहीत, पण त्यांना पहाटे पाचला उठायचं असायचं. ते आठवलं की आजही वाईट वाटतं.

पोटापाण्याला काम लागेलच. ज्यात चार तासांच्या सूचनेवर सुट्टी मिळते असं काम निवडा : मुलांच्या नाट्यशिबिरात शिकवणं, शिकवण्या, डबिंगमधली गर्दीतल्या आवाजांची कामं. रात्रपाळीचं कॉल सेंटर पगाराला बरं दिसतं, पण डोळ्याखाली आणि गळ्यात ते दिसायला लागतं. माझ्या खोलीतल्या दोघांचं तसं झालं.

अंधेरीतले दिवस

वर्सोव्याच्या आराम नगरमध्ये जुन्या बैठ्या बंगल्यांत कास्टिंगची ऑफिसं आणि तालमीचे हॉल आहेत. ग्रुपवर निरोप येतो : वय अमुक, उंची अमुक, पात्र कसं, वेळ काय. तुम्ही जाता, रांग असते. दारातला माणूस एक नजर टाकून "नॉट फिट" म्हणतो आणि तुम्ही बाहेर. यात तुमचा अभिनय कुणी पाहिलेलाच नसतो. त्यांना आधी ठरलेल्या नटाचा भाऊ शोधायचा असतो आणि तुमचं नाक जुळत नसतं. हे समजून घ्यायला मला वर्ष लागलं. त्या वर्षात मी रोज संध्याकाळी स्वतःला दोष देत बसायचो.

"फिट" म्हणाले तर फॉर्म भरायचा आणि कागद हातात पडतो. पाठ करायला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. वाक्य शब्दशः पाठ करण्याआधी एवढं शोधा की या माणसाला समोरच्याकडून काय हवं आहे. आत गेलात की ओळख, दोन्ही बाजू, मग प्रसंग. एक-दोन टेक. झालं की नमस्कार करून बाहेर या. "कसं झालं?" विचारू नका, आतल्या मुलाच्या हातात निर्णय नसतो. पुढं शॉर्टलिस्ट, मग लुक टेस्ट, म्हणजे पात्राच्या वेशात बघणं, किंवा मॉक शूट, म्हणजे चाचणीचं शूटिंग, मग तारखा. तारखा आल्यावरही आदल्या संध्याकाळी माणूस बदलतो, म्हणून कॉल टाइमचा निरोप येईपर्यंत गावाकडं फोन करून सांगू नका.

एक वही करा. तारीख, ठिकाण, कुणी घेतली, कुठलं पात्र, काय कपडे घातले होते. पुन्हा बोलावलं तर तेच कपडे घालून जाता येतं. आठवड्याला कुणाकुणाला भेटलात ते लिहा, पण रोज "सर काही काम?" असे निरोप पाठवू नका. नवीन काम केलं असेल तेव्हा त्याची क्लिप पाठवा.

मराठी मालिकांचे सेट गोरेगावच्या चित्रनगरीत, ठाण्याच्या घोडबंदर रोडला आणि काशीमिऱ्याकडं असतात. तिथं बोलावल्याशिवाय जाऊन उभं राहण्यात अर्थ नाही. संध्याकाळ मात्र नाटकाला द्या. दादरचं शिवाजी मंदिर, माटुंग्याचं यशवंत, ठाण्याचं गडकरी, आणि १९७८ पासून चालू असलेलं जुहूचं पृथ्वी. प्रयोगानंतर कलाकारांना भेटा, आणि व्यावसायिक नाटकाच्या बॅकस्टेजला माणूस हवा आहे का ते विचारा. सांगलीत नेपथ्य उचललेल्या माणसाला तिथं लगेच किंमत मिळते. आणि त्या नाटकाचा दौरा सांगलीला आला, की भाव्यांच्या विंगेत तुम्ही उभे असता.

पैसे मागणारा माणूस

मुंबईतल्या तिसऱ्या महिन्यात एका ऑफिसनं माझ्याकडून पोर्टफोलिओ आणि "आर्टिस्ट कार्ड"साठी अठरा हजार घेतले. वडिलांनी सोसायटीतून काढलेले पैसे होते. दोन महिन्यांनी त्या ऑफिसच्या जागी मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. म्हणून नियम पक्का ठेवा : काम देणारा माणूस तुमच्याकडून पैसे घेत नाही. कास्टिंग करणाऱ्याला निर्माता पैसे देतो. रजिस्ट्रेशन, कॉस्च्युम, वर्कशॉप, विमा, कुठल्याही नावानं ऑडिशनसाठी पैसे मागितले की उठून या. आधार कार्डाची मूळ प्रत कुणाकडं सोडू नका. सिन्टासारख्या कलाकारांच्या संघटनेचं सभासदत्व थेट संघटनेकडूनच घ्या, मधल्या माणसाकडून नाही. आणि थोडं काम झाल्यावर घ्या.

मुलींसाठी, आणि मुलांसाठीही : ऑडिशन दिवसा आणि ऑफिसात. हॉटेलची खोली किंवा कुणाचा फ्लॅट सांगितला तर जायचं नाही. सोबत मैत्रीण न्या, लोकेशन घरी पाठवा. जवळिकीचा प्रसंग असेल तर तो आधी सांगितला गेला पाहिजे, आणि ऑडिशनला तो न करण्याचा तुम्हाला हक्क आहे. २०१३ च्या कायद्यानं दहा किंवा अधिक माणसं काम करतात त्या ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती बंधनकारक आहे. युनिटमध्ये तिच्याबद्दल मोकळेपणानं विचारा. तातडीला ११२.

काम मिळालं की

दिवसाचा दर, शिफ्ट किती तासांची, प्रवास कुणाचा, पैसे किती दिवसांनी, हे बोलणं झालं की तेच व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा आणि "ओके" मागून घ्या. मालिकेचे पैसे साधारण ९० दिवसांनी येतात. म्हणजे जूनमध्ये केलेल्या कामावर सप्टेंबरपर्यंत भाडं भरता येत नाही. सहा महिन्यांचा खर्च हातात ठेवा म्हणालो ते यासाठीच. पॅन कार्ड आधीच काढा. मानधनातून बहुतेक वेळा १० टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापतात. उत्पन्न कमी असेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो, आणि नवी मुलं हे पैसे वर्षानुवर्षं सोडून देतात. प्रत्येक शूटिंगच्या दिवसाची तारीख, आल्याची आणि पॅकअपची वेळ वहीत लिहा. बिलावरून वाद झाला की हीच वही कामाला येते. मोठा करार आला तर दुसरीकडं काम करायला बंदी किती काळ आहे ते कलम सहीआधी वकिलाला दाखवा.

निघायच्या दिवशी

घरच्यांशी मोघम बोलून निघू नका. किती वर्षं, महिन्याला घरून किती लागतील, कुठल्या तारखेला पुन्हा बसून बोलायचं, हे ठरवा. मी आईला "बघू" म्हणून निघालो होतो आणि त्या "बघू"नं नऊ वर्षं तिला झोप लागू दिली नाही. माझ्या एका विद्यार्थिनीनं वडिलांना दोन वर्षांनंतरच्या गुढीपाडव्याची तारीख दिली. दर महिन्याच्या एक तारखेला ती वहीचं पान फोटो काढून त्यांना पाठवते. मागच्या महिन्यात अकरा ऑडिशन, दोन शॉर्टलिस्ट, एक दिवसाचं काम. वडील शेतकरी आहेत, त्यांना हिशेब कळतो.

बॅगेत दोन एकरंगी शर्ट किंवा कुर्ते ठेवा. बारीक रेघा आणि मोठी अक्षरं कॅमेऱ्याला चालत नाहीत. मुलींनी एक साधी साडी, मुलांनी एक धोतर आणि कोल्हापुरी चपला. कागदपत्रांच्या झेरॉक्स आणि ती कात्रणांची फाइल मोठ्या बॅगेत न टाकता जवळच्या पिशवीत ठेवा. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जात असाल तर शेवटपर्यंत न जाता दादरला उतरा आणि पूल ओलांडून वेस्टर्नच्या फलाटावर या. बॅग मोठी असेल तर दोन गर्दीच्या गाड्या सोडा आणि तिसऱ्या बोरिवली स्लोमध्ये चढा.